कपातीची पहिली कुऱ्हाड मैदानावर

सत्ताधारी वर्गाला काय अत्यावश्यक वाटते आणि काय वाटत नाही, हे सुबत्तेच्या काळात सहसा कळत नाही. तिजोरीला ओढ लागली की ते उघड होते. २०२० साली कोरोनाची महासाथ आली, विद्यापीठांना कुलपे लागली आणि अंदाजपत्रकांवर कात्री चालवण्याची वेळ आली, तेव्हा ती कात्री जेथे सर्वांत आधी आणि सर्वांत निमूटपणे चालली त्यांत महाविद्यालयीन क्रीडा हे एक खाते होते. त्याबद्दल फारसा गाजावाजा झाला नाही. माणसे प्राणवायूविना तडफडत असताना धावण्याच्या शर्यतींचे काय घेऊन बसलात, असा प्रश्न विचारणाऱ्याला सोयीचा होता. परंतु हा प्रश्न सोयीचा असला तरी प्रामाणिक नव्हता. ज्यांच्या मुलामुलींचे त्या वर्षांत नुकसान झाले त्यांच्या वस्तीत जाऊन तो तपासून पाहावा लागतो.

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. औषधांचे कारखाने, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने, तयार कपड्यांचे कारखाने आणि देशभरातून रुग्ण येतात असे एक प्रख्यात हृदयरुग्णालय या वसाहतीच्या परिसरात आहे. शेजारी इलेक्ट्रॉनिक सिटी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका येथपर्यंत येऊन पोहोचली. सुमारे एकोणीस किलोमीटर लांबीच्या आणि सोळा स्थानकांच्या या मार्गिकेचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा हेच आहे. सरकारने जमीन संपादन करून कारखान्यांना भूखंड आखून दिले, रस्ते काढले, वीज-पाणी पुरवले. उत्तर कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, ओडिशा, बिहार येथून आलेले कामगार या भूखंडांच्या कडेने, मूळ गावांच्या गल्ल्यांतून, एकेका खोलीत राहू लागले. औद्योगिक वसाहतीचा नकाशा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यंत्र असते, मालमोटार असते. कामगाराची सोळा वर्षांची मुलगी संध्याकाळी कोठे धावेल, हा प्रश्न त्या नकाशात येत नाही. अशा वस्तीतल्या मुलाला वा मुलीला खरेखुरे मैदान, धावण्याची आखलेली मार्गिका, उंच उडीची गादी आणि शिट्टी वाजवून वेळ मोजणारा माणूस आयुष्यात बहुधा प्रथम भेटतो तो महाविद्यालयात. उच्चभ्रू घरातील मुलाला क्लब आहे, अकादमी आहे, खाजगी प्रशिक्षक आहे. महाविद्यालयाचे मैदान बंद झाले तर त्याचे फारसे अडत नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही मैदाने बंद झाली. औषधनिर्मिती अत्यावश्यक म्हणून सुरू राहिली आणि ते योग्यच होते. काही मैदानांवर रुग्णालये उभी राहिली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ऑगस्ट २०२० मध्ये जम्बो रुग्णालय उभारले गेले, बंगळूरच्या कोरमंगल येथील बंदिस्त क्रीडागृहात रुग्णसेवा केंद्र झाले. याविरुद्ध कोणी शहाणा माणूस तक्रार करणार नाही. मैदान लोकांचे असते, म्हणूनच ते लोकांच्या संकटात कामी येते. उलट, दाट वस्तीच्या शहरात मोकळी सार्वजनिक जागा राखून ठेवणे किती आवश्यक आहे याचा तो धडाच होता. तक्रार आहे ती मैदानाबरोबर त्यावरच्या माणसांचाही हिशेब बंद करून टाकण्याबद्दल.

केंद्र सरकारचे आकडे पाहावेत. २०२०-२१ सालासाठी क्रीडा खात्याला मूळ अंदाजपत्रकात २,८२६.९२ कोटी रुपये दाखवले होते. सुधारित अंदाजात ते १,८००.१५ कोटींवर आणले गेले. म्हणजे वर्ष संपण्यापूर्वीच हजार कोटींहून अधिक रक्कम काढून घेतली गेली. पुढील वर्षाची, २०२१-२२ ची, तरतूद २,५९६.१४ कोटी, म्हणजे साथीपूर्व अंदाजापेक्षा कमीच. आणि ही घट कोठे पडली? क्रीडा प्राधिकरणाची रक्कम वाढली, राष्ट्रीय क्रीडा महासंघांची रक्कम वाढली. ऑलिंपिक तोंडावर होते. ज्या ‘खेलो इंडिया’ योजनेतून विद्यापीठीय स्पर्धा भरवल्या जातात तिची तरतूद मात्र ८९०.४२ कोटींवरून ६५७.७१ कोटींवर आली. शिखर झगमगते ठेवायचे आणि पाया खणून काढायचा, हा या वाटपाचा अर्थ आहे.

यावर सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: स्पर्धाच झाल्या नाहीत, मग पैसा खर्च कशावर करायचा? हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटते. पण त्याच काळातील सरकारचाच एक व्यवहार ते खोडून काढतो. २०२० च्या उन्हाळ्यातील तिमाहीसाठी ‘खेलो इंडिया’च्या यादीतील २,७४९ खेळाडूंना किरकोळ खर्चाचा भत्ता देण्यात आला. दरमहा दहा हजार रुपये या दराने तिमाहीचे सुमारे सव्वाआठ कोटी. स्पर्धा नसतानाही हा पैसा देता आला, आणि खेळाडूंना आहार व सराव टिकवण्यासाठी तो उपयोगी पडला. चांगलेच झाले. याच दराने पंचवीस हजार महाविद्यालयीन खेळाडूंना वर्षभर सांभाळायचे ठरवले असते तर खर्च आला असता तीनशे कोटी. त्या वर्षी जी रक्कम कापली तिच्या एक-तृतीयांशाहूनही तो कमी आहे. पैसा नव्हता, हे खरे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणताना याच सरकारने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडल्याचे स्वतः सांगितले होते. क्रीडा खात्यातून कापलेली रक्कम त्याचा शंभरावा हिस्साही होत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीची कथाही याच जातीची आहे. कायद्याच्या अनुसूचीत ग्रामीण व ऑलिंपिक क्रीडाप्रकारांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, म्हणून कारखानदारी पट्ट्यांतील संस्था या निधीकडे डोळे लावून असतात. मार्च २०२० अखेरीस पंतप्रधानांच्या नावाने नवा निधी उघडला गेला आणि त्यास दिलेली देणगी या उत्तरदायित्वाखाली धरली जाईल असे जाहीर झाले. राज्यांच्या मुख्यमंत्री निधींना मात्र ही सवलत नाकारण्यात आली. जो पैसा कारखान्याच्या दाराशी असलेल्या गावावर, तेथील शाळेवर, मैदानावर खर्च व्हावा तो दिल्लीकडे वळवण्याची वाट अशी मोकळी झाली. दानशूरतेवर उभे केलेले क्रीडाक्षेत्र किती तकलादू असते ते यावरून दिसावे.

राज्य सरकारेही मागे नव्हती. महाराष्ट्राच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी आदेश काढून त्या वर्षीच्या खर्चाची मर्यादा तेहेतीस टक्क्यांवर आणली आणि नवी पदभरती थांबवली. आरोग्यासारख्या खात्यांना अपवाद केला, हे रास्तच. पण या आदेशाचा महाविद्यालयीन मैदानावर काय परिणाम झाला ते समजण्यासाठी जरा मागे जावे लागते. बऱ्याच आंदोलनांनंतर ३ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्याने महाविद्यालयांतील ४,७३८ रिक्त पदे भरण्यास मान्यता दिली होती. त्यांत साहाय्यक प्राध्यापकांची पदे ३,५८०, तर शारीरिक शिक्षण संचालकांची केवळ १३९. मुळात ही संख्या राज्याच्या मानाने नगण्य. तीही पुरती भरण्यापूर्वीच भरतीबंदी आली. ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा पूर्णवेळ शिक्षकच नाही, तेथे क्रीडा अंदाजपत्रकाची मागणी तरी कोण करणार? तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माणसाला तास नसेल तर वेतन नाही, आणि मैदान बंद म्हणजे तास नाही. कर्नाटकात अतिथी अध्यापकांनी डिसेंबर २०२१ पासून वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा कोठे जानेवारी २०२२ मध्ये सरकारने त्यांच्या तुटपुंज्या मानधनात लक्षणीय वाढ केली. स्वतःची भाकरी अशी टांगणीला लागलेल्या शिक्षकाकडून विद्यार्थ्यांचा सराव घेण्याची अपेक्षा करणे हा निव्वळ कोडगेपणा होय.

जिमखाना शुल्काचाही येथे विचार करणे भाग आहे. महाविद्यालयीन खेळाचा खर्च बराचसा विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून चालतो. साथीच्या काळात न वापरलेल्या सुविधांचे पैसे का भरावेत, असा विद्यार्थी संघटनांचा सवाल होता आणि तो न्याय्य होता. २०२१ साली महाराष्ट्रातील विद्यापीठांनी अशा शुल्कांत सवलती दिल्या. ज्या घरातील रोजगार बुडाला त्या घराला हा दिलासा मिळायलाच हवा होता. पण शुल्क कमी करताना क्रीडा विभागात पडणारा खड्डा सरकारी अनुदानातून भरून काढणे, ही सवलतीची दुसरी बाजू होती. तिच्याविषयी क्वचितच कोणी बोलले. परिणामी विद्यार्थ्याच्या खिशावरचा भार आणि विद्यार्थ्याचे मैदान या दोन हक्कांनाच जणू एकमेकांविरुद्ध उभे केले गेले.

आता पुन्हा बोम्मसंद्राकडे वळले पाहिजे. कारण कपातीचा भार कोणावर पडतो ते घराच्या हिशेबात दिसते. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या उद्योगात लाखो कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. २०२० साली कर्नाटक सरकारने या कामगारांचा देय महागाई भत्ता, महिन्याला सुमारे ४१७ रुपये, वर्षभर पुढे ढकलण्याचा आदेश काढला. कामगार संघटना न्यायालयात गेल्या आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मालकांना हा आकडा किरकोळ वाटत असेल. वर्षाचे पाच हजार होतात. मुलीचे धावण्याचे जोडे, स्पर्धेचा प्रवास, रोजची दोन अंडी आणि कपभर दूध हे सारे कामगार आईच्या पगारात बसते ते अशाच चारशे-पाचशे रुपयांच्या फटीत. आईचा भत्ता अडवणारा आदेश आणि मुलीच्या महाविद्यालयाची क्रीडा तरतूद छाटणारा आदेश दोन वेगळ्या खात्यांतून निघतात. घर मात्र एकच असते. अशा वेळी घरात कोणाचा खेळ आधी थांबतो, मुलाचा की मुलीचा, हे सांगण्याची गरज नाही.

खेळ हा मनोविनोद आहे, तो वर्षभर थांबला तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांना कामगारांच्या घरात त्याला काय किंमत आहे ते ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंची जी भरती होते तिच्या अटींत आंतरविद्यापीठ स्पर्धांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व ही एक पात्रता आहे. तिच्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र आहे, नमुना क्रमांक तीन. रेल्वे, टपाल अशा खात्यांत शिरण्याचा हा गरिबाच्या मुलांना उपलब्ध असलेला थोडक्या प्रामाणिक मार्गांपैकी एक. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ मैदानी स्पर्धा जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकातच, मूडबिद्री येथे झाली. त्यानंतरची पुरुषांची स्पर्धा तेथेच भरली ती जानेवारी २०२२ मध्ये. मधली दोन वर्षे म्हणजे तीन वर्षांच्या पदवीचे दोन-तृतीयांश आयुष्य. २०१८ च्या जूनमध्ये प्रथम वर्षात आलेली आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत विद्यापीठ संघात निवड न झालेली मुलगी पदवीधर झाली तेव्हा तिच्या हाती ते प्रमाणपत्र नव्हते, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता. अंदाजपत्रकातील आकडा पुढच्या वर्षी वाढवता येतो. विसावे वर्ष पुन्हा येत नाही.

तो आकडा पुढे वाढला, हे मान्य केले पाहिजे. २०२२-२३ मध्ये क्रीडा खात्याची तरतूद तीन हजार कोटींवर गेली आणि ‘खेलो इंडिया’ची ९७४ कोटींवर. साथीमुळे पुढे ढकललेल्या दुसऱ्या विद्यापीठीय क्रीडा स्पर्धाही अखेर २४ एप्रिल ते ३ मे २०२२ या काळात बंगळूरलाच भरल्या. उपराष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन, केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत समारोप, सर्व काही थाटात झाले. यजमान होते एक खाजगी विद्यापीठ, आणि वीस सुवर्णपदके मिळवून पदकतालिकेत पहिलेही तेच आले. त्या खेळाडूंच्या मेहनतीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या शहराच्या कडेला असलेल्या सरकारी वा अनुदानित पदवी महाविद्यालयाला या झगमगाटातून काय मिळाले, हा प्रश्न विचारावाच लागतो. स्पर्धा भरवणे आणि खेळाडू घडवणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दहा दिवस पुरतात.

मराठी वाचकाला या संदर्भात खाशाबा जाधवांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वरच्या त्या मल्लाने कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा सत्कारसमारंभांत मोठ्या गहिवराने सांगितली जाते. वस्तुतः ती सांगताना सरकारला लाज वाटली पाहिजे. खेळाडूसाठी शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, ही महाविद्यालयीन क्रीडेच्या अंदाजपत्रकावरची सर्वांत कठोर टीका आहे. सत्तर वर्षांनंतरही गणित फारसे बदललेले नाही. ओडिशातील विणकर कुटुंबात वाढलेली द्युती चंद हिने २०१९ साली नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते, आणि जुलै २०२० मध्ये तिच्यावर सरावाच्या खर्चासाठी मोटार विकायला काढल्याचे जाहीर करण्याची वेळ आली. पुढे तिने तो मजकूर मागे घेऊन खुलासा केला. पण ज्यांच्याकडे पदकही नव्हते आणि विकायला मोटारही नव्हती, त्यांचे काय झाले याची बातमी झाली नाही.

अमेरिकेचा दाखला वारंवार दिला जातो, म्हणून तोही तपासावा. तेथील महाविद्यालयीन क्रीडा हा दूरचित्रवाणीच्या पैशावर चालणारा प्रचंड धंदा आहे. मार्च २०२० मध्ये बास्केटबॉलची वार्षिक स्पर्धा रद्द होताच राष्ट्रीय संघटनेकडून विद्यापीठांना जाणारे साठ कोटी डॉलर साडेबावीस कोटींवर आले. लगेच कुऱ्हाड उगारली गेली, आणि ती पडली धंदा न देणाऱ्या खेळांवर. पंचवीस अब्ज डॉलरांहून अधिक गंगाजळी असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ८ जुलै २०२० रोजी छत्तीसपैकी अकरा खेळ बंद करण्याचे ठरवले. कुस्ती, तलवारबाजी, हॉकी, नौकानयन असे खेळ त्यांत होते. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी संघटित झाले, न्यायालयात गेले, आणि १८ मे २०२१ रोजी विद्यापीठाला निर्णय फिरवावा लागला. आयोवा विद्यापीठात जलतरणपटू मुलींनी १९७२ च्या स्त्री-पुरुष समानतेच्या शिक्षणविषयक कायद्याचा आधार घेऊन आपला संघ वाचवला. म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरीही कपात अटळ नव्हती. तिच्याविरुद्ध उभे राहणारे होते आणि त्यांच्या हाती कायदा होता. दुसरीकडे, नाकेबंदीने पिचलेला, सव्वा कोटीहून कमी लोकवस्तीचा क्यूबा त्याच टोकियो ऑलिंपिकमधून सात सुवर्णांसह पंधरा पदके घेऊन परतला. भारताची पदके सात होती. समाजवादी देशांतील क्रीडाक्षेत्रात सर्व काही निर्मळ होते असा दावा कोणी करू नये. पूर्व जर्मनीत औषधांचा जो गैरवापर झाला तो झाकण्यात अर्थ नाही. पण क्यूबामध्ये खेळ हा १९६१ पासून सार्वजनिक हक्काचा विषय आहे, शाळेपासून मैदानापर्यंत, आणि तेथे तो देणगीदाराच्या मर्जीवर सोडलेला नाही.

भारतातील विद्यार्थ्याच्या हाती काय होते? महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयीन खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने तरतूद पुन्हा आणली, पण २०१९ साली जाहीर झालेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. कर्नाटकातही त्या दशकानुदशके बंद आहेत. जिमखान्याचा निधी किती, तो कशावर खर्च झाला, साथीच्या वर्षात त्याचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार असलेला निवडून आलेला क्रीडा-प्रतिनिधीच महाविद्यालयात नाही. साथीत तर विद्यार्थी आपापल्या घरी, एकेका भ्रमणध्वनीपुढे, एकटा पडलेला होता. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा-एकात्मिक शिक्षणाची भाषा आहे. त्याच वर्षी प्रत्यक्षात काय घडत होते ते वर सांगितलेच आहे.

होसूर रस्त्यावरच्या कामगारांनी याहून वेगळे काही करून दाखवलेले आहे. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा काढण्यावर वयाचे निर्बंध घालणारा नियम आला, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या कपडे कारखान्यांतील हजारो स्त्रिया कोणत्याही मोठ्या पुढाऱ्याची वाट न पाहता रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्ता ठप्प झाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारने नियम मागे घेतला. त्या निधीतून त्यांच्या मुलांची शिक्षणे होणार होती. त्याच मुलांच्या महाविद्यालयातील मैदान, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे पद आणि स्पर्धेचा प्रवासखर्च हे विषय कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात आजवर क्वचितच आले. विद्यार्थी संघटनांनी ते उचलले तर शुल्काच्या अंगाने, मैदानाच्या अंगाने नव्हे. ही उणीव चळवळीची स्वतःची आहे.

ती भरून काढायची तर मागण्या नेमक्या असाव्या लागतील. प्रत्येक सरकारी व अनुदानित महाविद्यालयाला शुल्कावर अवलंबून नसलेले स्वतंत्र क्रीडा अनुदान मिळाले पाहिजे, आणि वर्षाच्या मध्यावर त्यात कपात करण्यास बंदी असली पाहिजे. शारीरिक शिक्षण संचालकांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरली पाहिजेत. औद्योगिक वसाहतींसाठी जमीन संपादन करताना मैदानाचा भूखंड कारखान्याच्या भूखंडाआधी आखला पाहिजे. जिमखाना निधीचा हिशेब निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींपुढे मांडला गेला पाहिजे. आणि खेळाडूंच्या राखीव भरतीत, ज्या हंगामात विद्यापीठीय स्पर्धाच भरल्या नाहीत त्या काळातील विद्यार्थ्यांकडे नमुना क्रमांक तीनचे प्रमाणपत्र मागताना त्या हंगामाची नोंद घेऊन त्यांना पात्रतेत सवलत दिली पाहिजे. यासाठी नवा पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.